सहाव्या डावानंतर

टोबीने कोट काढला आणि टायवरूनच क्लबचा शर्ट चढवला. कॅमेरे चमकले. बेसबॉल क्लबला नवा जनरल मॅनेजर मिळाला की हे असंच होतं. तिसऱ्या रांगेतल्या क्लाइडनेही टाळ्या वाजवल्या. इतरांच्या जरा आधी थांबवल्या.

तो शर्ट त्यालाही बसला असता. गेल्याच महिन्यात मालकांनी याच जागेसाठी त्याची मुलाखत घेतली होती. एकतीस वर्षं तो क्लबचा स्काउट होता, नवे खेळाडू शोधत गावोगाव हिंडला होता. टोबीला हाताखाली घेतलं ते त्यानेच. गाडी चालवायला आणि चेंडूचा वेग मोजायचं यंत्र धरायला.

"टाय नवा दिसतोय," शेजारी बसलेला एर्नी कुजबुजला. तोही जुना स्काउट. "स्वतःच्या समारंभासाठी घेतला होतास ना?"

"गप रे."

"चांगला आहे. माझ्या दफनाला घालून ये."

मंचावर टोबी आपला प्रवास बोटांवर मोजत होता. "आधी तिकिटं विकली. पाऊस आला की मैदानावर ताडपत्री ओढायचो. मग क्लाइडची गाडी चालवली. मग स्काउट झालो. मग स्काउटांचा प्रमुख, मग सहायक मॅनेजर..."

क्लाइडही मांडीवर बोटं मोजत होता. स्काउटपाशी त्याचं बोट थांबलं. टोबीने दुसरा हात वर केला.

बर्निस नावाची वार्ताहर उठली. "तुमचं नाव झालं ते वेस्ली टॅगार्टमुळे. त्याच्या डाव्या हातानं आपल्याला अजिंक्यपद दिलं. तो सापडला कसा?"

"नदीपलीकडे, कॉलेजच्या मैदानावर," टोबी म्हणाला. "आम्ही भलत्याच पिचरची फेक बघायला गेलो होतो. सहाव्या डावानंतर तो बाहेर गेला, आणि सगळे स्काउट उठले. क्लाइडही उठले. मी विचारलं, मी थांबू का? ते म्हणाले, थांब, शेवटचा चेंडू पडेपर्यंत हलू नकोस. नवव्या, शेवटच्या डावात वेस्ली चेंडू फेकायला आला. क्लाइडच्या त्या एका वाक्यावर मी इथपर्यंत आलोय."

सगळ्या माना वळल्या.

क्लाइडला ती दुपार चांगली आठवत होती. त्याने घडीची खुर्ची काखेत मारली होती आणि म्हणाला होता, "थांबायचं तर थांब. मला पुलावर गर्दी व्हायच्या आत पलीकडे जायचंय." एवढंच. टोबी नंतर बसने परतला होता.

"क्लाइड, खरं का हे?" बर्निसने माइक पुढे केला.

क्लाइडने मंचाकडे पाहिलं. टोबी चेष्टा करत असता तर बरं झालं असतं. पण त्याचे डोळे भरले होते. इतक्या वर्षांत त्याच्या आठवणीत ते तसंच पक्कं झालं होतं. 'नाही' म्हटलं असतं तर वेस्ली टोबीचा एकट्याचा झाला असता. 'हो' म्हटलं तर अर्धा तरी आपला.

"हो," क्लाइड म्हणाला. "मीच म्हणालो होतो."

टाळ्या पडल्या. त्या सभागृहात त्याच्यासाठी पडलेल्या पहिल्याच.

एर्नीही वाजवत होता. वाजवता वाजवता तो कानाशी वाकला. "त्या दिवशी पुलावर माझ्या पुढे तुझीच गाडी होती ना रे?"

खिशातल्या किल्ल्या मुठीत धरून क्लाइड उठला.

"आता कुठे? अजून संपलं नाही."

"गर्दी होईल," क्लाइड म्हणाला.

दाराशी पोचला तेव्हा मागे पुन्हा टाळ्या झाल्या. त्याने वळून पाहिलं नाही. फाटकातून बाहेर पडलेली पहिली गाडी त्याचीच होती.

पूल मोकळा होता.