वर्षअखेरची मुदत

फाशीच्या टेकडीवर शिडी टेकवली गेली, तरी ग्रिझेल पिटकेर्नला वाटत होते की कुठेतरी चूक झाली आहे, आणि ती दाखवून दिली की माणसे ओशाळून घरी जातील.

"कारभारीसाहेब, मुदत वर्षअखेरपर्यंतची होती," ती म्हणाली. "तुम्हीच दिलीत. मार्च लांब आहे अजून."

जहागिरीचा कारभारी गिल्बर्ट स्ट्रँग हातमोजे चढवत होता. तो क्रूर नव्हता. तो कायदा शिकला होता.

"वर्ष काल संपलं, ग्रिझेल. दवंडी ऐकली नाहीस? आजपासून सोळाशे साल."

दवंडी सगळ्यांनीच ऐकली होती. वर्ष पंचवीस मार्चला पालटते हे फाइफच्या किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होते. पण एडिनबरोतल्या राजमंडळाला डिसेंबरात साक्षात्कार झाला की इतर सुव्यवस्थित राज्यांत ते एक जानेवारीला पालटते, आणि सुव्यवस्थेत मागे राहणे शोभत नाही. चौकातल्या क्रुसापाशी हे वाचून दाखवले गेले तेव्हा कोळणी हसल्या होत्या. ग्रिझेलही हसली होती.

तिचा मुलगा निनियन शिडीपाशी उभा होता, हात मागे बांधलेले. जहागीरदाराची घोडी चोरीला गेली त्या रात्री तो सँडर्स तांडेलाच्या जहाजात मीठ भरत होता. हे सांगू शकणारा एकटा सँडर्स पहाटेच डान्झिगला निघून गेला, आणि मागोमाग हिवाळा लागला. हिवाळ्यात जहाजे हाकारायला बंदी. ती उठणार मेणबत्त्यांच्या सणाला, फेब्रुवारीच्या आरंभी. तो सण धर्मसुधारकांनी केव्हाच मोडीत काढला होता. तारीख तेवढी कायद्याच्या कामाची म्हणून उरली होती.

"सँडर्सला साक्षीला आणायला नोव्हेंबरात तुम्ही फेब्रुवारीअखेर म्हणाला होतात," ग्रिझेल म्हणाली. "तीच द्या. जास्त नको मला."

"देतच होतो. तू घेतली नाहीस." स्ट्रँग गर्दीकडे वळला. "काय हो, घेतली होती का हिनं?"

मुदत ठरली त्या दिवशी सगळे कचेरीत होते. मासळीच्या टोपलीवर करावी तशी ग्रिझेलने घासाघीस केली होती: वारा पडला तर, जहाज बर्फात अडकलं तर, थोडं वाढवा मालक, वर्षअखेर करा. स्ट्रँगने वाढवून दिली होती.

"तिनंच वाढवून मागितली," एफी कोळीण पुटपुटली. "आम्ही वर पाठ थोपटली तिची. म्हटलं, भारी सौदा केलास ग बाई."

"तेव्हा अखेर मार्चातच होती!" ग्रिझेल ओरडली. "तुम्हाला ठाऊक होतं!"

"होतं की," स्ट्रँग म्हणाला. "पण वर्ष कधी संपवायचं ते राजानं ठरवायचं. माझ्या हाती असतं तर मी मार्चातच संपवलं असतं."

"आई, पुरे कर," निनियन म्हणाला. "माणसाला थंडीत किती ताटकळत ठेवशील?"

गर्दीत कुणीतरी हसले आणि लगेच खोकले.

शिक्षा पुकारणाऱ्याने आपले ठरीव शब्द ठरीव सुरात पुकारले. शिडी ओढली गेली. निनियन अंगाने हलका होता, त्यामुळे वेळ लागला. माणसे पांगली.

ग्रिझेल स्ट्रँगच्या घोड्यापाशी गेली. "खाली कधी उतरवून द्याल?"

"रीत आहे तशी," तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच कणव होती. "वर्षअखेरीला."

या टेकडीवर हिवाळ्यात टांगलेली प्रेते आजवर मार्चात उतरत. या वेळी ग्रिझेलने कमी-जास्त काहीच मागितले नाही. वर्ष त्याच सकाळी सुरू झाले होते.