कमी धक्क्याची काडतुसं

एल्क हरणांच्या शिकारीचा हंगाम उघडायच्या आदल्या दिवशी ऑरिनने आपल्या जुन्या, जाड नळीच्या रायफलीसाठी काडतुसं मागितली. पण या वेळी खांद्याला सगळ्यात कमी धक्का देणारी.

"काय रे, खांदा गेला वाटतं?" दुकानदार मर्ल हसला. "एवढ्या कमी दारूच्या गोळ्यांनी मारायचं तर एल्कच्या नाकाशी जाऊन उभं राहावं लागेल तुला!"

"वय झालं, बाबा," म्हणत ऑरिनने डबी खिशात टाकली. त्याच्या बायकोने, आयडेलाने, बजावलं होतं, माझ्या आजाराचं गावात कुणाला कळू द्यायचं नाही. औषधांनी तिच्या खांद्याची नुसती हाडं उरली होती, आणि तिला शेवटचं एकदा शिकारीला जायचं होतं.

सकाळी दरीतलं धुकं विरलं, तेव्हा शिंगांचा डोलारा सांभाळत एक भलाथोरला एल्क अगदी जवळ येऊन उभा राहिला. ऑरिनने मागून तिला आपल्या छातीचा आधार दिला. तिने नेम धरला, बराच वेळ धरून ठेवला, आणि बंदूक खाली घेतली.

"काय गं, जड होतेय?"

"नाही रे. जाऊ दे त्याला.


यंदा जाणारी मी एकटी पुरे."