तेरा मार्च

काकूंच्या जुनाट संगणकाबाबत कंपनीने केव्हाच हात वर केले होते. दुरुस्तीवाला मात्र हट्टाला पेटला. त्यातल्या त्यात नवी सिस्टीम तीनदा चढवून पाहिली, तीनदा ती अडून बसली. "लवकर उरक रे, मला बाजारात जायचंय," काकू म्हणाल्या. "थांबा, याची तारीख मागे न्यावी लागेल. या सिस्टीमचा परवाना सात वर्षांपूर्वीच, वर्षअखेरीला संपलाय. त्याआधीची तारीख टाकली, की मुकाट चढेल." "लबाड कुठला!" "त्या वर्षातली कुठलीही सांगा." "तेरा मार्च." काकूंनी क्षणभरही विचार केला नाही. त्याने आकडे टाकले. "कुणाचा वाढदिवस?" "छे! त्या दिवशी काहीसुद्धा झालं नाही. हे पेपर वाचत होते, मी भाजी निवडत होते. गेले ते चौदाला." पडद्यावर पट्टी सरकू लागली. "तासभर लागेल," तो हळूच म्हणाला. काकूंनी खुर्ची जवळ ओढली. "लागू दे."