संधी सप्ताहाचा शेवटचा वक्ता

स्टेजवरची प्लास्टिकची खुर्ची राधेश्यामने आधी हाताने हलवून पाहिली, मग तिच्यावर बसला. तो जालन्याच्या या कॉलेजात शिकत होता तेव्हाही असल्याच खुर्च्या होत्या. इतक्या वर्षांत इथल्या लोकांना एक बरी खुर्ची सुचली नव्हती, आणि निघाले होते पोरांना संधी दाखवायला.

समोर ऑनर्सची पोरं बसली होती. अख्खं सभागृह भरलं होतं. त्याच्या काळी हा ऑनर्स वगैरे प्रकार नव्हता. तेव्हा कॉलेजात हुशार मुलगा एकच असायचा, आणि तो राधेश्याम होता. भौतिकशास्त्रात विद्यापीठात पहिला. बंगळुरूच्या मोठ्या संस्थेत उन्हाळी संशोधनासाठी निवड झालेला इथला पहिलाच विद्यार्थी. खुद्द प्राचार्य स्टेशनवर हार घेऊन आले होते.

म्हणून कॉलेजातून फोन आला तेव्हा त्याला नवल वाटलं नव्हतं. जरा उशीरच केला, एवढं वाटलं. फोन दैवशालेचा होता. ती त्याच्याच वर्गातली. सगळं तोंडपाठ करून दुसरी यायची. आता इथंच प्राध्यापक होती आणि ऑनर्सचे सगळे कार्यक्रम तीच बघायची.

"आमचा संधी सप्ताह आहे," ती म्हणाली होती. "रोज एक वक्ता. शेवटचा दिवस मी मुद्दाम रिकामा ठेवलाय. तुमच्याशिवाय दुसरं कोणी डोळ्यासमोर येईना."

"येणारच न्हाई," राधेश्याम म्हणाला.

"राग तर न्हाई ना आला? फोन करू का नको, असं किती दिवस करून राह्यले मी."

"राग कशाचा? कोणीतरी विचारायलाच पाहिजे होतं."

"मन मोठं आहे तुमचं. असं यायला कोणी तयार होत न्हाई हो. बाकीचं मोबाईलवर पाठवते, तेवढं बघून घ्या."

"त्यात काय बघायचं? काय बोलायचं ते मला बराबर माहीत आहे."

तिने पाठवलेलं त्याने उघडलंसुद्धा नाही. दैवशालेचं लिहिणं त्याचं कॉलेजातच पुरतं वाचून झालं होतं.

आज सकाळी कुंभार पिंपळगावच्या घरातून इस्त्रीचा शर्ट घालून निघाला तर वडिलांनी विचारलं, "कामाचं काही जमलं का?"

"भाषण आहे माझं. जालन्याला."

"मंग संध्याकाळी येशील."

"येईन."

कसलं भाषण, ते वडिलांना सांगण्यात अर्थ नव्हता. त्यांना समजलंही नसतं. गावात राहून त्याला आता काही वर्षं झाली होती, आणि तो त्याचा स्वतःचा निर्णय होता. बंगळुरूत नुसती मोजमापं करायला लावायचे, म्हणून तो उन्हाळा संपायच्या आतच परत आला. पुण्यात पहिल्या कंपनीतला साहेब अडाणी निघाला. दुसरीत सगळे चमचे. पीएचडीचे मार्गदर्शक तर त्याच्या एका प्रश्नाला पुरले नाहीत. शेवटी जालन्यात क्लास काढला, तर पोरांची झेपच तिथवर जाईना. पाय मोठा असला की तयार चपला बसत नाहीत, त्यात पायाचा काय दोष?

सभागृहाच्या दारात आधीच्या चार वक्त्यांचे फोटो लावले होते. त्यात गावातल्या तातेराव मास्तरांचा मुलगा बुद्धभूषणही होता. तो आता जर्मनीत संशोधन करत होता म्हणे. हाच बुद्धभूषण राधेश्यामच्या क्लासमध्ये मागच्या बाकावर बसायचा, एकेक गोष्ट तीनतीनदा विचारायचा. असल्यांना जर्मनीवाले घेतात, यावरून जर्मनीचं काय झालं असेल ते कळत होतं. पण या सगळ्यांच्या शेवटी दैवशालेने त्याला ठेवलं, यात तिची अक्कल पहिल्यांदाच दिसली. हरिनाम सप्ताहातही शेवटचं, काल्याचं कीर्तन मोठ्या महाराजांकडेच असतं.

एक मुलगी पाण्याचा ग्लास घेऊन स्टेजवर आली.

"सर, मी अक्षता. टेंभुर्णीची. दुसऱ्या वर्षाला आहे." ग्लास देऊनही ती जाईना. "सर, एक विचारू? भीती न्हाई वाटत?"

"कशाची?"

"एवढ्या लोकांसमोर बोलायची."

राधेश्यामला हसू आलं. "ज्याच्याजवळ सांगण्यासारखं असतं, त्याला भीती नसती."

तिने मान हलवली. "माझ्या भावाला आणणार होते. पुण्याहून आल्यापासून तो खोलीतून बाहेरच येत न्हाई. मंग म्हणलं, आधी आपण ऐकावं."

"आणायला पाहिजे होतं. त्याच्यासारख्यांनीच मला ऐकावं."

"हो सर," ती म्हणाली, आणि तिचे डोळे भरून आले. ती घाईने खाली उतरली. राधेश्यामला तिची कीव आली. एवढ्याशा बोलण्याने रडणाऱ्या पोरी, आणि यांना म्हणे ऑनर्स.

दैवशाला माईकपाशी गेली. सभागृहातली कुजबुज थांबली. राधेश्यामने कॉलर सारखी केली, आणि आपलं कौतुक ऐकताना माणसाने जशी नजर थोडी खाली ठेवायची असते, तशी ठेवली.

"या आठवड्यात आपण चार जणांना ऐकलं," दैवशाला म्हणाली. "मिळालेल्या संधीचं त्यांनी सोनं कसं केलं, ते त्यांनी सांगितलं. पण आपल्यातला सगळ्यात हुशार मुलगा हातात आलेली एकेक संधी कशी घालवून बसतो, हेही तुम्हाला कळलं पाहिजे, असं मला फार दिवसांपासून वाटत होतं. ते स्वतःच्या तोंडाने सांगायला कोणी तयार होत नाही. राधेश्याम सर एका फोनवर हो म्हणाले."

सगळी पोरं टाळ्या वाजवत उभी राहिली.