चारचा फोन

दंगल भडकली त्या दिवशी साहेब मिळेल त्या विमानाने मायदेशी गेले, आणि धक्क्याला बांधलेली त्यांची यॉट राखणदाराच्या गळ्यात पडली. वस्तीतली घरं जळायला लागली तसा तो बायकोला आणि चार वर्षांच्या मुलीला घेऊन गुपचूप यॉटच्या केबिनमध्ये राहायला आला. साहेबांना कळलं असतं तर नोकरी गेलीच म्हणून समजा.

रोज दुपारी चारच्या ठोक्याला साहेबांचा फोन यायचा. तो वाजला की बायको मुलीचं तोंड छातीशी घट्ट दाबून धरायची. धुरानं पोर सारखी खोकत होती.

पहिल्या दिवशी दोरखंडांची, इंजिनाची चौकशी झाली. दुसऱ्या दिवसापासून साहेबांचं भलतंच पालुपद सुरू झालं.

"पिण्याच्या पाण्याची टाकी भरलीस? गॅस पेटवून बघ, चालतोय ना. गाद्यांना ऊन दाखव, दमट राहू देऊ नकोस. आणि रस्त्याकडचे पडदे ओढून घे."

"हो साहेब," राखणदार म्हणायचा आणि आतल्या आत धुमसायचा. इथे शहर पेटलंय, माणसं मरताहेत, आणि ह्यांना गाद्यांची पडलीय! तू जिवंत आहेस का, एवढंही विचारवेना.

सहाव्या दिवशीही तेच. टाकी झाली, गॅस झाला, पडदे झाले. सवयीने "हो साहेब" म्हणून तो फोन ठेवणार, तेवढ्यात साहेब म्हणाले, "थांब. औषधांची पेटी आरशामागच्या कपाटात आहे. आणि मी फोन केला की पोरीचं तोंड दाबत जाऊ नका रे. खोकू दे तिला."