दर सोळा तासांनी एक सेकंद

खजूर तोंडात गेले, पाणी पिऊन झालं, भजी हातात आली आणि तेवढ्यात नदीपलीकडच्या गावातून मगरिबची, सूर्यास्ताची अजान ऐकू आली. एरवी ती इथवर पोचायची नाही. आज वारा तिकडून होता.

मशिदीच्या अंगणात रोजा सोडायला बसलेली पन्नासेक माणसं चावता चावता थांबली. त्यांची स्वतःची अजान होऊन तीन मिनिटं उलटली होती. सगळ्यांनी आधी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, मग मोहियुद्दीनचाचांकडे.

घड्याळ चाचांनी बनवलेलं. साजगावच्या कारखान्यातून वायरमन म्हणून रिटायर झाल्यावर त्यांनी घरीच एक चिप, वेळेचे ठोके देणारं एक क्रिस्टल आणि मोठे लाल आकडे जोडून ते उभं केलं होतं आणि नोव्हेंबरात मशिदीला दिलं होतं. मोबाईल प्रत्येकाच्या खिशात होता. पण समोर एवढं झगझगीत घड्याळ असताना खिशात हात कोण घालतो? आणि सूर्य तर इथे रोजच वेळेआधी डोंगराआड जायचा.

चाचांनी मोबाईल काढून घड्याळाशी ताडून पाहिला. "सव्वातीन मिनिटं पुढं हाय," ते म्हणाले.

नमाज पढवणाऱ्या हाफिजसाहेबांनी हातातली भजी खाली ठेवली. मग म्हणाले, "वेळापत्रकात सावधगिरीची तीन मिनिटं धरलेली असतात. त्याच्यावर गेलं, म्हणजे आजचा रोजा गेला. ईदनंतर सगळ्यांनी एकेक रोजा ठेवून भरून द्या."

"आणि आधीचे?" टेंपोवाल्या हमदानने विचारलं.

चाचा स्टुलावर चढले, घड्याळ उतरवलं आणि काखेत मारून घरी गेले.

घरात ते एकटेच. रोज दुपारी नमाज झाली की घड्याळ आणि मोबाईल शेजारी शेजारी ठेवून ते फोटो काढत. आठ दिवसांत बारा सेकंदांचा फरक पडला. म्हणजे दिवसाला दीड सेकंद. क्रिस्टल मुळातच जरा उतावीळ होतं. इलाज सोपा होता. दर सोळा तासांनी एक सेकंद थांब, एवढी एक ओळ त्यांनी प्रोग्रॅममध्ये घातली. अर्ध्या तासाचं काम.

मग तोच दीड सेकंद त्यांनी वहीत एकेक दिवस मागे नेला. पलीकडची अजान ऐकू आली तो दिवस धरून दहा रोजे तीन मिनिटांच्या बाहेर जात होते. काठावरचा एक त्यांनी आपणहून धरला. अकरा.

सगळ्या मोहल्ल्यात हे गणित मांडू शकणारा दुसरा माणूस नव्हता. आकडा वहीत होता आणि वही त्यांच्या हातात होती. काय करू, असं विचारायला घरात कुणी नव्हतं.

शुक्रवारी नमाजनंतर ते उभे राहिले. "एक नाय," ते म्हणाले, "अकरा रोजे गेलेत सगळ्यांचे. घरात अजान ऐकून सोडले त्या बायकांचेही. चूक माझी हाय."

बाहेर चपला घालताना हमदान हळूच म्हणाला, "चाचा, तुमी बोललं नसतं तर कुणाला कळणार हुतं?"

हाफिजसाहेबांनी मात्र त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "बरं केलंत सांगितलंत." पिशवीतून घड्याळ बाहेर काढणाऱ्या चाचांना त्यांनी थांबवलं. "मशिदीला नवीन मागवलंय, कंपनीचं. हे तुमी घरी वापरा."

चाचांनी ते ओट्यावरच्या भिंतीला लावलं. कुणी त्यांना वाकडा शब्द बोललं नाही. फक्त मिक्सर बिघडला, बटण जळालं की बोलावणं यायचं आणि मागोमाग चहा यायचा, ते बंद झालं. पाच महिन्यांत घड्याळ एका सेकंदानेही हललं नाही. ते रोज ताडून पाहत. सांगायचं कुणाला, हा प्रश्न होता.

पावसाळा सरत आला होता. वाण्याच्या दुकानाच्या पायरीवर मोहल्ल्यातल्या रुकय्याखाला धापा टाकत बसलेल्या दिसल्या. पंच्याहत्तरी उलटलेली, हातात काठी.

"खाला, पाणी आणू?"

"नको रं. रोजा हाय माझा. भरून देते एकेक करून."

चाचा शेजारी टेकले. "कितवा?"

"बारावा."

"बारावा कसा? अकराच हुते, खाला. काठावरचासुद्धा धरून सांगितला मी."

खालांनी त्यांचा हात हातात घेतला आणि मायेने थोपटला.

"तुझाच हिशोब ना रं तो," त्या म्हणाल्या. "म्हटलं, एक जास्तीचा ठेवलेला बरा."