डॉक्टरांचे दोन दाब

दातांच्या दवाखान्यातल्या खुर्चीवरून तेंडोलकरकाकांना फरशीवर उतरवलं, तेव्हा त्यांचा श्वास थांबला होता. डॉक्टर पिंपुटकरांनी छातीवर दोन दाब दिले आणि सवयीनं मान वर करून हसले.

दर दोन वर्षांनी सीपीआरचं प्रमाणपत्र नवं करताना ते एवढंच करत. बाहुल्यावर दोन दाब, हसरा फोटो, मग जेवण. त्यांच्या वाट्याचा उरलेला सराव मदतनीस कुंदाताई करायच्या.

“अहो, हसताय काय? दाबा की!” कुंदाताई ओरडल्या.

“किती वेळा?”

डॉक्टरांना बाजूला ढकलून कुंदाताई मोठ्यानं मोजत छाती दाबू लागल्या. अँब्युलन्स दाराशी आली तेव्हा कुठे काका खोकले.

बाहेर बसलेल्या तेंडोलकरकाकूंनी रडत येऊन डॉक्टरांचे पाय धरले.

“काकू, उठा,” डॉक्टर कसेबसे म्हणाले. “पाय कुंदाताईंचे धरा.”